धागा : लोकल, बस, रिक्षा आणि 'जरा' (मुंबईत नव्याने येणाऱ्यांसाठी)

चौथी_सीट

जून उजाडला की बाहेरगावाहून नोकरीला, कॉलेजला आलेल्यांचे तेच प्रश्न सुरू होतात. इथले लोक इतके तुसडे का, 'एक्सक्यूज मी' म्हटलं तरी कोणी हलत का नाही, रिकाम्या सीटवर बसलो तर चार जणी अंगावर का आल्या. दरवर्षी तुकड्या-तुकड्यांत उत्तरं देण्यापेक्षा एकदाच इथे लिहून ठेवू. जाणकारांनी भर घालावी, चुकत असेल तिथे कान धरावा.

आधी कारण समजून घ्या, मग रिवाज आपोआप कळतात. मधल्या स्टेशनावर लोकल साधारण २० ते ३० सेकंद थांबते. पीक अवरला एका चौरस मीटरात १४ ते १६ माणसं उभी असतात. रेल्वेवाले त्यालाच 'सुपर डेन्स क्रश लोड' म्हणतात. एवढ्या जागेत आणि एवढ्या वेळात जो आधी सांगतो त्याला वाट मिळते. जो ऐन वेळी गोड बोलतो त्याला शिव्या मिळतात.

प्लॅटफॉर्मवर इंडिकेटर वाचायला शिका: गाडी कुठपर्यंत, किती वाजता, फास्ट की स्लो, डबे १२ की १५. तरीही विचारायचंच असेल तर दोन शब्दांत. "ठाणे स्लो?" समोरचा मान हलवेल किंवा नुसती हनुवटी इंडिकेटरकडे करेल. ते उत्तर आहे, उद्धटपणा नाही. "नमस्कार दादा, मी इथे नवीन आहे, जरा मदत कराल का" ही प्रस्तावना संपेपर्यंत गाडी सुटते आणि दादांचीही चुकते. विचारायचं ते उभ्या असलेल्या माणसाला, जिना उतरत पळणाऱ्याला नाही.

गाडी दिसली की पाठीवरची सॅक पुढे छातीवर घ्या. नवख्यांना वाटतं हे खिसेकापूंसाठी आहे. ते आहेच, पण मुख्य कारण वेगळं: भरलेली सॅक पाठीवर असली की तुमच्यामागे एका माणसाची जागा जाते, आणि तुम्ही वळलात की ती कोणाच्या तरी तोंडावर बसते. आत गेल्यावर सॅक रॅकवर. रॅक लांब असेल तर बॅग नुसती उंच धरा आणि "वर" म्हणा. बाकावरचा, नाहीतर बाकांमध्ये उभा असलेला कोणीतरी ती घेऊन टाकतो. काही विचारत नाही आणि थँक्यूची वाट बघत नाही. उतरायच्या एक स्टेशन आधी "ती निळी द्या" म्हटलं की तशीच हातोहात परत येते.

चढताना दारासमोर उभं राहू नका, दाराच्या दोन्ही अंगांना राहा. उतरणारे संपले की चढा. अपवाद टर्मिनसचा. चर्चगेटला किंवा सीएसएमटीला संध्याकाळी गाडी पुरती थांबायच्या आत लोक सीटसाठी आत उड्या मारतात. चूक आहे, धोक्याचंही आहे. पण तुम्ही उतरायला दारात मधोमध उभे असाल तर ते तुमच्यावरच आदळणार. अशा वेळी सीटपाशीच थांबा. लोंढा आत येऊन बसला की पंधरा-वीस सेकंदांत वाट मोकळी होते. गाडी तिथे थांबणारच असते.

आता उतरणं, कारण नवखे सगळ्यात जास्त इथेच अडकतात. दादरला उतरायचंय तर आदल्या स्टेशनालाच कामाला लागायचं. पुढच्याच्या खांद्याला दोन बोटं लावायची आणि प्रश्नाच्या सुरात फक्त "दादर?" म्हणायचं. तो "हो" म्हणाला तर त्याच्या मागे गप्प उभं राहायचं. तो तुमचा इंजिन. "नाही" म्हणाला तर जागांची अदलाबदल. तो अर्धा वळतो, तुम्ही उलट्या बाजूने अर्धे वळता, पोटं आत ओढून दोघं एकमेकांभोवती फिरता, तुम्ही पुढे आणि तो मागे. मग पुढच्याला तोच प्रश्न. दारापर्यंत अशी चार-पाच माणसं असतात आणि दोन स्टेशनांच्या मधल्या वेळात हे सहज होतं. स्टेशन आल्यावर "उतरू द्या, उतरू द्या" म्हणून ओरडणाऱ्याला कोणी मुद्दाम अडवत नसतं, पण तोपर्यंत खालचे चढायला लागलेले असतात.

बदलापूरकर_८_१२

छान सुरुवात. एक मोठी गोष्ट राहिली: प्लॅटफॉर्म कुठल्या बाजूला येणार. एकाच स्टेशनावर स्लो गाडीला प्लॅटफॉर्म एका बाजूला आणि फास्टला दुसऱ्या बाजूला असू शकतो. नवखा स्लोच्या सवयीने डावीकडे जाऊन उभा राहतो आणि स्टेशन उजवीकडे येतं. म्हणून "दादर?" सोबत "कुठल्या साइडला?" हेही विचारून घ्या. या प्रश्नाला कोणी कंटाळत नाही. रोजचे लोकसुद्धा गाडी बदलली की विचारतात.

दुसरं, कुठली गाडी पकडता यावरही तुमच्याशी लोक कसे वागतात ते ठरतं. विरार फास्टमध्ये बोरिवलीला उतरायला चढलात, किंवा कर्जत-कसारा फास्टमध्ये ठाण्याला, तर दारातले लोक तोंड वाकडं करतात. कधीकधी मुद्दाम वाटही देत नाहीत. याचं समर्थन करत नाही. कारण एवढंच की बोरिवली आणि ठाण्याच्या माणसाला स्वतःच्या गाड्या आहेत. विरार किंवा बदलापूरच्या पुढच्याला तीच एक, आणि ती चुकली की पुढची बऱ्याच वेळाने. जवळ उतरायचं असेल तर जवळची गाडी घ्या. नाइलाज असेल तर चढल्याबरोबर दारातल्या दोघांना सांगून टाका: "बोरिवलीला उतरणार." आधी सांगितलेल्याशी सहसा कोणी भांडत नाही.

आणि दारात लटकायचं नाही. ९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळच्या वळणावर शेजारून जाणाऱ्या दोन लोकलच्या दारातली माणसं रुळांवर पडली, काहींचा जीव गेला. पाठीवरच्या सॅका बाहेर किती येतात ही चर्चा तेव्हाच झाली. दारात उभे असाल तर आत सरकायला जागा करून देणं हे आतल्यांचंही काम आहे. बाकांमधली जागा अर्धी रिकामी आणि पॅसेजमध्ये चेंगराचेंगरी, हे चित्र रोजचं. लांब जाणाऱ्यांनी आत जावं. "आत चला, आत जागा आहे" ही हाक ऐकली की ती तुमच्यासाठीच आहे असं समजा.

खिडकीकडचा

चौथ्या सीटबद्दल धागाकर्त्यांनी सोयीस्कर मौन पाळलंय. आयडीच बोलतोय. :)

बाक तिघांचा आहे. चौथा येतो, हाताने हवेत झाडू मारल्यासारखं करतो आणि अर्ध्या मांडीवर टेकतो. त्याचा एक पाय पॅसेजमध्ये, खांदा तिसऱ्याच्या छातीत. चौघंही अवघडतात. कायद्याने, नियमाने कुठेही चौथी सीट नाही. नाही सरकलो तर मी उद्धट कसा?

चौथी_सीट

नियमाने नाहीच. पण सेकंड क्लासमधला रिवाज म्हणून इतका पक्का आहे की नाही म्हणणाऱ्याकडेच सगळे बघतात. दोन्ही बाजूंची शिस्त मात्र आहे. मागणाऱ्याने "जरा" म्हणायचं, सरकायची वाट बघायची, आधी टेकून मग ढकलायचं नाही. तिसऱ्याने दोन इंच सरकायचं, पहिल्या दोघांनी एकेक इंच. चौथ्याने पाठ टेकायचा हट्ट धरायचा नाही. मांडीवर बॅग घेऊन तिरकं बसायचं आणि पॅसेजमधल्याच्या पायावर पाय ठेवायचा नाही. लहान मूल घेऊन बसलेलं कोणी असेल, तिसरा जाडजूड असेल, कोणाच्या हाताला प्लॅस्टर असेल तर मागायचंच नाही. फर्स्ट क्लासमध्ये चौथी सीट मागणं हाच उद्धटपणा, तिथे जास्तीचे पैसे त्याचेच दिलेले असतात.

नालासोपारा_लेडीज

बायकांच्या डब्याचं शास्त्र वेगळं आहे, पुरुषांना त्याचा पत्ता नसतो. 'रिकाम्या सीटवर बसलो तर चार जणी अंगावर' याचं उत्तर देते.

ती सीट रिकामी नव्हती. ती दिलेली होती.

चढलं की पहिलं काम, बसलेल्या बायकांना एकेक करून विचारायचं, "कुठे?" एवढाच प्रश्न. उत्तर येतं "अंधेरी", "दादर", "लास्ट". तुमच्या आधी उतरणारी सापडली की दुसरा प्रश्न: "कोणी सांगितलंय?" म्हणजे ही सीट आधी कोणी मागून ठेवलीय का. "नाही" म्हणाली तर "मग मला द्या" म्हणायचं, झालं बुकिंग. आता ती उतरेपर्यंत तुम्ही डब्यात कुठेही उभ्या राहा, सीट तुमची. ती उठायच्या आधी नजरेने शोधते, हाक मारते, "अहो पिवळा ड्रेस, या." "सांगितलंय" असं उत्तर आलं तर लगेच पुढचीला विचारायचं. तिथेच "मी आधी चढले होते" असा वाद घालायचा नाही, कारण मान आधी विचारणारीला असतो.

साखळीही असते. दादरला उतरणारीची सीट तुम्हाला मिळणार आणि तुम्ही बांद्र्याला उतरणार, तर तुमची सीट तिसरी आत्ताच मागून ठेवू शकते. "तुमच्यानंतर मी" म्हणते. हो म्हटलंत तर ते लक्षात ठेवायचं आणि उठताना तिलाच द्यायचं. मैत्रीण चढली म्हणून तिला दिलीत तर मग जे ऐकाल ते ऐका.

खिडकीचा घोळ वेगळा. खिडकीतली उठली की शेजारची आत सरकणार, तिच्या शेजारची तिच्या जागी, आणि जिने सीट मागितली होती तिला कडेची मिळणार. मागितलेली सीट खिडकीची असली तरी तुम्हाला खिडकी मिळत नाही. भांडण होतं ते नवखी सरळ खिडकीत जाऊन बसते तेव्हा.

फेरीवाल्यांचीही एक रीत आहे. क्लिपा, कानातले, रुमालांचे पुडके डब्यात फिरतात, आणि गर्दीत विकणारीला आत येता येत नाही. मग वस्तूचा ट्रे हातोहात आत येतो, बघून परत जातो, पैसे हातोहात बाहेर, सुट्टे हातोहात आत. मध्ये पाच अनोळखी हात असतात. तुमच्या हातात आलं की पुढे द्यायचं, बास. तुम्हाला घ्यायचं नसलं तरी "मला नको" म्हणून ट्रे अडवून ठेवू नका.

आणि एक, महिलांचे काही डबे चोवीस तास महिलांचेच असतात, काही ठरावीक वेळेपुरते. वेळ डब्यावर लिहिलेली असते. रात्री उशिरा डब्यात पुरुष दिसले तर आधी ती पाटी वाचा, मग आवाज चढवा. लेडीज स्पेशल ५ मे १९९२ ला चर्चगेट ते बोरिवली सुरू झाली. ती मात्र पूर्ण गाडीच महिलांची, तिथे हा प्रश्नच नाही.

वऱ्हाडी_ठेचा

अकोल्याहून पुढच्या आठवड्यात येतोय, कामाचा धागा आहे. दोन शंका. एक, अनोळखी माणसाला काय म्हणायचं? आमच्याकडे सगळेच 'भाऊ'. दोन, इथे लोक सरळ "कहाँ उतरेगा?" विचारतात म्हणे. ते अरेरावीचं धरायचं का?

चौथी_सीट

'भाऊ' इथेही चालतं, बिनधास्त वापरा. तरुणाला 'दादा' किंवा 'बॉस', पांढऱ्या केसांना 'काका', कंडक्टरला 'मास्तर' म्हटलेलंही आवडतं. बाईमाणसाला 'ताई' किंवा 'मॅडम', भाजीवालीला आणि कोळणीला 'मावशी'. 'आंटी' मात्र जिभेवर आलं तरी गिळा. चाळिशीच्या बाईला आंटी म्हणून सीट देऊ केलीत तर सीट घेईल पण चेहरा बघण्यासारखा असेल. 'अंकल'चंही तेच.

"कहाँ उतरेगा" हे बंबय्या हिंदी. तिच्यात 'आप' क्वचितच सापडतं. 'तू' आणि 'तेरेको' हे अनोळखी माणसाशीही सहज येतं, त्यात अपमान नसतो. मराठीत मात्र फरक पडतो. अनोळखी मोठ्या माणसाला मराठीत 'तू' म्हटलंत तर ते लागतं. मराठीत बोलाल तेव्हा 'तुम्ही', हिंदीत समोरच्याचा सूर बघून.

अपमान ओळखायचा असेल तर शब्दांपेक्षा आवाजाचा चढ बघा. "ए भाई, चल ना आगे" हे सपाट सुरात आलं तर ती सूचना. "चल" वर जोर पडला आणि मागून 'च्यक' आलं तर समजा आपण काहीतरी अडवून उभे आहोत. बहुतेक वेळा असतोही.

गार्डाचा_डबा

थोडं नियमांचं, कारण रिवाज आणि नियम यांत गल्लत होते.

फर्स्ट क्लासचे डबे तिरक्या लाल-पिवळ्या पट्ट्यांनी ओळखता येतात, प्लॅटफॉर्मवर ते थांबतात तिथेही तसे पट्टे असतात. नवखा 'हा डबा रिकामा दिसतोय' म्हणून सेकंडच्या तिकिटावर त्यात चढतो. तिकीट तपासनीस आला की भाड्याचा फरक आणि वर किमान २५० रुपये. "माहीत नव्हतं" ऐकलं जात नाही आणि शेजारचे मध्ये पडत नाहीत. त्यात तुसडेपणा नाही, त्यांनी कैक पटींचा पास काढलेला असतो. चूक लक्षात आली तर पुढच्या स्टेशनाला उतरून डबा बदला.

महिलांच्या डब्यात शिरलेल्या पुरुषाला रेल्वे कायद्याच्या १६२ कलमाखाली ५०० रुपयांपर्यंत दंड आहे. धावत येऊन चुकून चढलात तर दारातच थांबा, आत जाऊ नका, तोंड दाराकडे करून उभे राहा आणि पुढच्या स्टेशनाला उतरा. बायकाही तेवढं समजून घेतात. 'एकच स्टेशन तर आहे' म्हणत आत टेकलात की संपलं.

दिव्यांगांच्या डब्यात धडधाकट माणसाने गर्दीचं कारण सांगून चढणं हा माझ्या मते या शहरातला सगळ्यात वाईट उद्धटपणा, आणि तो चांगले शिकलेले लोक करतात. तिथे ज्याचं दुखणं दिसत नाही अशीही माणसं हक्काने बसलेली असतात, कॅन्सरचे रुग्ण उदाहरणार्थ. तेव्हा 'हा तर ठणठणीत दिसतोय' असा पंचनामा प्रवाशांनी करू नये.

लगेज डबा मालासाठी आहे. कोळणींच्या टोपल्या, भाजीचे भारे, डबेवाल्यांच्या लांब लाकडी फळ्या त्यातून जातात. रिकाम्या हाताने त्यात चढून टोपलीच्या पाण्याने बूट भिजले म्हणून तक्रार करणं बरोबर नाही.

कोणाला चक्कर आली तर चालत्या गाडीत साखळी ओढू नका. दोन स्टेशनांच्या मध्ये गाडी थांबली तर मदत तिथे पोचायला उलट वेळ लागतो. त्या माणसाला खिडकीजवळ बसवा, १३९ ला फोन करून गाडी, डबा आणि पुढचं स्टेशन सांगा, स्टेशन आलं की दोघांनी धरून उतरवा. मारामारी, छेडछाड असेल तर रेल्वे पोलिसांचा १५१२. डब्याचा नंबर आत भिंतीवर रंगवलेला असतो. चढल्यावर एकदा बघून ठेवायची सवय लावा. बॅग रॅकवर विसरली तरी तोच नंबर आणि गाडीची वेळ लागते, त्याशिवाय स्टेशन मास्तर काहीच करू शकत नाही.

पुलांवर डावीकडून चाला आणि थांबू नका, हेही इथेच लिहितो. फोन आला, पाऊस आला, काहीही झालं तरी जिन्याच्या तोंडाशी थांबायचं नाही. २९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन रोडच्या (आताच्या प्रभादेवीच्या) पुलावर पावसात थांबलेली गर्दी आणि मागून येणारी गर्दी यांत २३ माणसं गेली.

डबल_बेल

बेस्टच्या बसचं कोणीच बोलत नाही, म्हणून.

थांब्यावर रांग असते आणि ती पाळली जाते. कुठे ती दिसते, कुठे नुसती माणसं विखुरलेली वाटतात, पण कोण आधी आलं हे सगळ्यांना माहीत असतं. येऊन शेवटच्याला विचारा, "४ नंबरची लाइन?" एकाच थांब्यावर दोन-तीन नंबरांच्या वेगळ्या रांगा असू शकतात.

जुन्या बसमध्ये मागून चढायचं आणि पुढून उतरायचं. नव्या बसमध्ये गाडीगणिक फरक आहे, दारावर लिहिलेलं असतं. उलट्या दाराने चढणाऱ्यावर कंडक्टर ओरडतो ते उतरणाऱ्यांसाठी.

भाडं ९ मे २०२५ पासून वाढलं. पहिल्या ५ किलोमीटरला साध्या बसचे १० आणि एसीचे १२ रुपये. सकाळच्या पहिल्या फेरीला पाचशेची नोट काढणं म्हणजे कंडक्टरशी वैर. त्याची पिशवी तेव्हा रिकामीच असते. दहा-वीसच्या नोटा वेगळ्या खिशात ठेवा, बसल्याजागी आधी थांब्याचं नाव सांगा आणि मग पैसे पुढे करा. नुसते पैसे धरून "एक" म्हटलं तर तो विचारणार, "एक कुठे?" गर्दीत पैसे आणि तिकीट हातोहात जातात, लेडीज डब्यातल्या ट्रेसारखेच.

घंटी एक म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. प्रवाशांनी घंटी मारायची नसते. उतरायचं असेल तर थांबा यायच्या आधी दाराकडे सरकायचं, तेवढं पुरे. "पुढे सरका, पुढे सरका" ला राग मानू नका. मागच्या दारापाशी अडकलेली पाच माणसं कंडक्टरच्या डोळ्यांसमोर असतात, तुमच्या पाठीमागे.

मीटर_डाऊन

रिक्षा. सायनच्या आणि बांद्र्याच्या पलीकडे दक्षिणेला रिक्षा जात नाहीत, तिथे टॅक्सी. त्यामुळे "दादर जाणार का?" असं बांद्र्यात रिक्षावाल्याला विचारलंत तर तो तुमच्याकडे बघणारही नाही.

विचारताना "जाणार का?" नाही, ठिकाण सांगायचं: "साकीनाका." तो मान हलवेल, जिभेने टक् करेल किंवा सरळ निघून जाईल. निघून जाणं चूकच. नाकारायचा अधिकार त्याला नाही. पण भर रस्त्यात हुज्जत घालून रिक्षा मिळत नाही हेही खरं. पाळी बदलायची वेळ असेल, गॅस भरायचा असेल तर तो फक्त त्याच दिशेला जातो. तुमची दिशा ती असेल तर लगेच "बसा" येतं.

१ फेब्रुवारी २०२५ पासून पहिल्या दीड किलोमीटरला रिक्षाचे २६ आणि टॅक्सीचे ३१ रुपये. मध्यरात्री १२ ते पहाटे ५ मीटरवर चतुर्थांश जास्त. मीटर नव्याने सुरू केलं का ते बसताना बघा, उतरताना वाद घालण्यापेक्षा बसताना "मीटर?" एवढं म्हणणं सोपं. बाकी एक-दोन रुपयांसाठी कोणीच तुटून पडत नाही, ना तो ना तुम्ही.

शेअर रिक्षात वेगळी शिस्त. स्टेशनबाहेर रांग, पुढच्या रिक्षात तिघं, भाडं ठरलेलं. उतरायचं डावीकडूनच, म्हणून शेवटपर्यंत जाणाऱ्याने आधी आत शिरून उजवीकडे बसायचं, आधी उतरणाऱ्याने कडेला. कडेला बसलेला लांब जाणारा असेल तर मधल्यांना प्रत्येक वेळी त्याला खाली उतरवून बाहेर पडावं लागतं. पैसे उतरायच्या थोडं आधी काढून ठेवा. स्कॅन करून द्यायचे असतील तर रिक्षा चालू असतानाच करा. पूर्वी मीटरची पट्टी हाताने खाली करायचे म्हणून 'मीटर डाऊन'. आता रिक्षा थांबवून क्यूआर कोड फिरत बसतो आणि मागे चार हॉर्न वाजतात.

खिडकीकडचा

रोजच्या ग्रुपचं काय? भजनी मंडळ, पत्तेवाले, 'ही आमची जागा' वाले. सेकंड क्लासमध्ये कोणाचंही रिझर्वेशन नसतं. बसलो तर उठवायचा त्यांना अधिकार नाही.

बदलापूरकर_८_१२

अधिकार नाहीच. रुमाल टाकून सीट अडवणं हा उद्धटपणाच, त्यावर दुमत नसावं. आणि 'रिटर्न' मारून आलेले, म्हणजे उलट्या दिशेने टर्मिनसपर्यंत जाऊन बसून आलेले, त्यांच्यावरही लोक चिडतात, कारण सुरुवातीच्या स्टेशनावर तासभर आधी आलेल्याला गाडी आधीच भरलेली मिळते. त्यांच्याकडे बहुतेक वेळा पास तेवढ्या अंतराचा नसतो, ही खरी गोम.

पण भजनी मंडळ असलेला डबा नको असेल तर एक डबा पुढे-मागे उभं राहणं सोपं. टाळ-ढोलकी तुम्हाला चालत असेल तर कोणी हाकलत नाही. खोबऱ्याचा तुकडा हातावर येतो तोही परका म्हणून टाळला जात नाही. दसऱ्याच्या आसपास हीच मंडळी डबा झेंडूने सजवून पूजा करतात. त्या दिवशी हारावर बॅग टांगू नका.

नालासोपारा_लेडीज

संक्रांतीला आमच्या डब्यात हळदीकुंकू होतं, नवरात्रात नऊ दिवस नऊ रंग. नव्या मुलीला रंग माहीत नसेल तर कोणी टोचत नाही, उलट उद्याचा सांगतात. कोणी वाण पुढे केलं तर घ्या, नाही म्हणू नका.

पावसाळ्याचं कोणीच लिहिलं नाही. ओली छत्री गाडीत चढायच्या आधी प्लॅटफॉर्मवर झटका, डब्यात नाही. मग प्लॅस्टिकच्या पिशवीत. ती बाकावर ठेवू नका, रॅकवर तर मुळीच नको, खाली बसलेल्यांच्या डोक्यावर गळते. खिडकीची झडप लावायची की नाही हे खिडकीतलीने ठरवायचं नसतं. उभ्या असलेल्यांचा जीव गुदमरत असेल तर थोडं भिजायचं. अर्धी लावा, वरून फट ठेवा.

वऱ्हाडी_ठेचा

सगळं वहीत उतरवून घेतलं. शेवटचं विचारतो: डब्यातला पंखा बंद असेल तर कोणाला सांगायचं?

चौथी_सीट

कोणालाच नाही. आधी भिंतीवरचं बटण दाबून बघा. तरी फिरला नाही तर जुन्या गाड्यांमध्ये पातं अडकलेलं असतं, त्याला नुसता धक्का लागतो. कंगवा किंवा पेन जाळीतून घालून पात्याला एकदा ढकलायचं आणि लगेच हात मागे घ्यायचा. बोट घालायचं नाही. हे काम पंख्याखाली उभा असलेला करतो. बसलेल्याने वर बघून "जरा पंखा" म्हणायचं आणि स्वतःचा कंगवा पुढे करायचा.